मलईचं मशीन जगाला दिलं, पण स्वतःच्या हाती राहिलं कर्ज! सेपरेटर घेण्याआधी गुस्ताफ दे लाव्हल यांची ही गोष्ट वाचाच

विशेष लेख | दुग्धव्यवसाय

आपल्या तालुक्यात चार-पाच म्हशी असलेल्या घरात सध्या एक विषय हमखास निघतो. डेअरीला दूध घालून हातात काय उरतं? त्यापेक्षा घरीच मलई काढून तूप केलं तर? मग बाजाराच्या दिवशी कोणीतरी दुकानात जाऊन क्रीम सेपरेटर बघून येतो. एक मशीन तासाला साठ लिटरचं, दुसरं शंभरचं, तिसरं तीनशेचं. एक हाताने फिरवायचं, एक मोटरवरचं. दुकानदार म्हणतो मोठंच घ्या, पुढे गोठा वाढेल. घरची मंडळी म्हणतात एवढे पैसे कशाला घालता. आणि माणूस गोंधळून जातो.

हे मशीन ज्यांच्या डोक्यातून आलं, त्या माणसाचं आयुष्य आपण आज बघणार आहोत. त्यांचं नाव गुस्ताफ दे लाव्हल. युरोपातल्या स्वीडन देशाचे इंजिनिअर. त्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. पण मशीन कसं निवडावं आणि कशाच्या मागे लागू नये, या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात सापडतात.

शिकलेला पोरगा, पण साधी नोकरी

दे लाव्हल यांचा जन्म ९ मे १८४५ रोजी स्वीडनमधल्या दालार्ना भागात, ओर्सा नावाच्या गावी झाला. हा भाग जंगलाचा, थंडीचा आणि छोट्या शेतकऱ्यांचा. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्समधून येऊन स्वीडनमध्ये स्थायिक झाले होते, म्हणून आडनाव फ्रेंच वळणाचं.

पोरगा हुशार निघाला. १८६३ मध्ये ते राजधानी स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि १८६६ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडले. तेवढ्यावर थांबले नाहीत. उप्साला विद्यापीठात जाऊन १८७२ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. म्हणजे यंत्र कळतं आणि पदार्थाचा गुणही कळतो, असं दुहेरी शिक्षण. पुढे हेच कामाला आलं.

शिक्षण एवढं मोठं, पण नोकरी साधी. क्लोस्टर नावाच्या ठिकाणी लोखंडाच्या कारखान्यात ते इंजिनिअर म्हणून लागले. दुधाशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता.

तेव्हा मलई कशी काढायचे?

सेपरेटर येण्याआधी तिकडे काय चालायचं, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे दूध तापवून निवू दिलं की वर साय धरते. ती साठवायची, विरजण लावायचं, रवीने घुसळायचं, लोणी काढायचं आणि कढवून तूप करायचं. तिकडे थंड मुलुखात कच्चं दूध पसरट भांड्यांत ओतून ठेवायचे आणि दिवस-दीड दिवस वाट बघायचे. स्निग्धांश दुधापेक्षा हलका, म्हणून तो हळूहळू वर येतो. तो थर पळीने काढून घ्यायचा. हे काम बहुतेक करून बायकांकडे असायचं.

यात तीन अडचणी होत्या. एक तर भांडी आणि जागा भरपूर लागायची. दुसरं म्हणजे दूध पडून राहिल्याने आंबायचं, मग लोण्याला वास यायचा आणि भाव पडायचा. तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि डोळ्यांना न दिसणारी. कितीही वाट बघितली तरी बराचसा स्निग्धांश खालच्या दुधातच राहायचा. बारीक कण वर येतच नाहीत. शेतकऱ्याचं सोनं खालच्या दुधाबरोबर निघून जायचं.

पुढे तिथल्याच लोकांनी खोल भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवायची पद्धत काढली. त्याने मलई लवकर आणि चांगली यायला लागली. पण बर्फ आणायचा, साठवायचा. लहान शेतकऱ्याला ते परवडणारं नव्हतं.

१८७७ : एका बातमीने डोक्यात चक्र फिरलं

१८७७ साली क्लोस्टरला असताना दे लाव्हल यांच्या वाचनात आलं की जर्मनीत विल्हेल्म लेफेल्ट नावाचे गृहस्थ दूध जोरात फिरवून मलई वेगळी करायचे प्रयोग करत आहेत. कल्पना खरी होती, पण यंत्र अडचणीचं होतं. भांड्यात दूध भरायचं, फिरवायचं, मग थांबवायचं, मलई काढायची, परत दूध भरायचं. प्रत्येक घाणीला थांबा.

दे लाव्हल यांच्या मनाने घेतलं की हे न थांबता झालं पाहिजे. वरून दूध धारेने सुरू, एका तोटीतून मलई सुरू, दुसऱ्या तोटीतून मलई काढलेलं दूध सुरू. मशीन फिरतंच आहे. १८७८ मध्ये त्यांनी आपल्या यंत्राचं पेटंट मिळवलं. सुरुवातीच्या त्या यंत्रातून तासाला सुमारे १३० लिटर दूध निघायचं. ज्या कामाला आधी दीड दिवस लागायचा, ते धार काढून होते न होते तोच उरकायला लागलं.

यामागचं गणित आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे. पाण्याने भरलेली कळशी दोरीला बांधून गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, उलट कळशीच्या बुडाकडे दाबलं जातं. गोफणीतला दगडही तसाच बाहेर ओढला जातो. सेपरेटरच्या बाऊलमध्ये दूध मिनिटाला हजारो फेरे घेतं. दुधातला पाणीदार भाग जड, तो बाहेरच्या कडेला जातो. स्निग्धांश हलका, तो मधे जमा होतो. दोघांना दोन वेगळ्या वाटा करून दिल्या की झालं. भांड्यात ठेवलं तर जमिनीच्या ओढीवर सगळं अवलंबून, आणि ती ओढ कमी. फिरवलं तर तीच ओढ हजारो पट वाढते. म्हणून जे कण दिवसभरात वर येत नाहीत, ते काही सेकंदांत वेगळे होतात.

भागीदार मिळाला आणि धंदा उभा राहिला

शोध लागला म्हणून कोणी लगेच पैसेवाला होत नाही. दे लाव्हल यांच्याकडे भांडवल नव्हतं. त्यांना ऑस्कर लाम नावाचे भागीदार मिळाले. लाम यांना व्यवहार कळत होता. दोघांनी मिळून मशीन बनवायला आणि विकायला सुरुवात केली. १८८३ मध्ये या धंद्याची रीतसर कंपनी झाली. नाव ठेवलं सेपरेटर कंपनी. त्याच वर्षी अमेरिकेतही तिची शाखा निघाली.

या मशीनने गावांचं चित्र बदलायला हातभार लावला. याचं उदाहरण शेजारच्या डेन्मार्क देशात बघायला मिळतं. तिथे १८८२ मध्ये हेडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिली सहकारी डेअरी काढली. एकेकट्याचं दूध थोडं, प्रत्येकाने मशीन घेणं परवडत नाही. मग सगळ्यांचं दूध एका ठिकाणी, मशीन एक, लोणी एका दर्जाचं, आणि मलई काढलेलं दूध ज्याचं त्याला परत. ते दूध डुकरांना घालून त्यांनी दुसरा जोडधंदा उभा केला. पुढच्या काही वर्षांत तिथे अशा शेकडो डेअऱ्या निघाल्या. आपल्याकडे दूध संघांचं जे जाळं आहे, त्याच वाटेने डेन्मार्कचे शेतकरी त्याआधी कितीतरी वर्षं चालत होते.

पण ज्याच्या गावात अशी डेअरी नाही, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी १८८० च्या दशकातच हाताने फिरवायची लहान मशीनं बाजारात आली. वाफेचं इंजिन नको, मोठी इमारत नको. घराच्या ओसरीत ठेवायचं आणि हॅन्डल फिरवायचं. आज आपल्या दुकानात दिसतं ते छोटं मशीन याच मशीनांच्या वंशातलं.

स्वतःचाच शोध सुधारायला दुसऱ्याची अक्कल विकत घेतली

दे लाव्हल यांचं पहिलं मशीन म्हणजे जवळजवळ रिकामा फिरणारा बाऊल होता. १८८८ मध्ये जर्मनीचे क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम यांनी एक सोपी पण जबरदस्त कल्पना काढली. बाऊलच्या आत एकावर एक पातळ, शंकूच्या आकाराच्या चकत्या बसवायच्या. दोन चकत्यांमधे अगदी थोडी फट. दूध त्या फटींमधून पातळ थरात विभागलं जातं. स्निग्धांशाच्या कणाला आता लांब प्रवास करावा लागत नाही, जवळच चकती असते.

परिणाम असा झाला की तेवढ्याच बाऊलमधून कितीतरी जास्त दूध निघायला लागलं आणि खालच्या दुधात राहणारा स्निग्धांशही घटला. स्वीडनच्या कंपनीने १८८९ मध्ये या चकत्यांचे हक्क विकत घेतले. त्यांना अल्फा चकत्या म्हणतात. आपल्याच शोधात दुसऱ्याने सुधारणा सुचवली म्हणून ते रुसून बसले नाहीत. चांगलं दिसलं ते घेतलं. कंपनी टिकली ती यामुळे.

म्हणून आजही सेपरेटर बघायला गेलात तर बाहेरच्या रंगापेक्षा आतल्या चकत्यांकडे आधी बघा. मशीनचा जीव तिथे आहे.

दुधापासून रॉकेटपर्यंत

आता एक गंमत. सेपरेटर खूप वेगाने फिरवायचा तर तेवढ्या वेगाचं इंजिन पाहिजे. तेव्हाची वाफेची इंजिनं हळू चालायची. मग दे लाव्हल यांनी स्वतःच वाफेची टर्बाइन बनवायला घेतली. चाकाच्या पात्यांवर वाफेचा झोत मारायचा आणि चाक फिरवायचं, पाणचक्कीसारखं.

वाफेचा झोत जास्तीत जास्त जोराचा कसा करायचा, यावर काम करताना १८८८ च्या सुमारास त्यांनी एक खास नळी बनवली. आधी निमुळती होत जाते, मधे अरुंद, आणि पुढे परत रुंद. या आकारामुळे वाफ आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त वेगाने बाहेर पडते. त्यांच्या लहान टर्बाइनची चाकं मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरायची. एवढ्या वेगात जाड दांडा थरथरून तुटतो, म्हणून त्यांनी मुद्दाम बारीक, लवचिक दांडा वापरला. तो स्वतःच आपला तोल शोधून शांत फिरतो. १८९३ साली अमेरिकेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची टर्बाइन मांडली होती.

तीच नळीची रचना आज रॉकेटच्या खालच्या तोंडाला असते. टीव्हीवर श्रीहरिकोटाहून रॉकेट सुटताना बघता ना, त्याच्या बुडाशी जे घंटेसारखं तोंड दिसतं, ते याच तत्त्वावरचं. त्याला आजही दे लाव्हल यांचंच नाव आहे. मलई काढायच्या मशीनसाठी केलेली खटपट आकाशापर्यंत पोहोचली.

मान मिळाला, पण मन एका जागी राहिना

१८८६ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. ते देशाच्या संसदेतही निवडून गेले. लहान कारखान्यातला इंजिनिअर एवढ्या उंचीवर पोहोचला होता.

इथून पुढे गोष्ट वळण घेते. दे लाव्हल यांच्या डोक्यात कल्पनांची कमी कधीच नव्हती. ते वह्यांवर वह्या भरून टाकायचे. दूध काढायचं मशीन करायचं, जहाजाच्या तळाखाली हवेचा थर सोडून त्याचा वेग वाढवायचा, विजेच्या भट्टीत जस्त वितळवायचं. एक काम पुरं होत नाही तोवर दुसरं सुरू. स्वीडनमध्ये त्यांच्या नावावर ९२ पेटंटं आणि त्यांनी काढलेल्या ३७ कंपन्या, असा हिशेब सांगितला जातो.

या सगळ्याला पैसा कुठून यायचा? सेपरेटरने कमावलेला पैसा या नव्या प्रयोगांत जायचा. तो पुरला नाही की कर्ज. एका कंपनीतून उचलायचं आणि दुसरीत घालायचं. ट्रोलहेट्टन इथे विजेवर जस्त काढायचा त्यांचा उद्योग मोठा खर्च खाऊन गेला. जहाजाखाली हवा सोडायची कल्पना तेव्हा चालली नाही. दूध काढायच्या मशीनवर त्यांनी १८९० च्या दशकात पेटंट घेतलं, पण विकण्याजोगं मशीन त्यांच्या हयातीत झालं नाही. ते कंपनीने १९१८ मध्ये बाजारात आणलं. तोवर दे लाव्हल नव्हते.

कल्पना वाईट होत्या असं नाही. कितीतरी कल्पना पुढे खऱ्या ठरल्या. पण शेतात एकाच पावसात दहा पिकं पेरली आणि एकालाही पुरेसं पाणी मिळालं नाही, तशी गत झाली. जे पीक हमखास येत होतं, त्याचा पैसा बाकीच्यांनी खाल्ला.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी स्टॉकहोममध्ये दे लाव्हल यांचं निधन झालं. वय होतं ६७. ज्यांच्या मशीनने देशोदेशीच्या शेतकऱ्यांच्या घरात लोण्या-तुपाचा पैसा आणला, त्यांच्या मागे मालमत्तेपेक्षा देणीच उरली होती.

कंपनी मात्र राहिली. १९६३ मध्ये तिचं नाव अल्फा-लाव्हल असं झालं. अल्फा हे त्या चकत्यांवरून आणि लाव्हल हे संस्थापकावरून. पुण्यात दापोडीला याच कंपनीचा कारखाना आहे, म्हणजे हे नाव आपल्यालाही परकं नाही.

आता आपल्या गोठ्याचं बोलू

दे लाव्हल यांच्या आयुष्यातून सेपरेटर घेणाऱ्याने दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, जे डोळ्यांना दिसत नाही तिथे नुकसान होतं, ते मोजा. दुसरी, आज जेवढं दूध आहे तेवढ्याच मापाचं मशीन घ्या, स्वप्नाच्या मापाचं नको.

आधी पहिली गोष्ट. समजा तुमच्याकडे सकाळी २० आणि संध्याकाळी २० असं दिवसाला ४० लिटर म्हशीचं दूध आहे. फॅट ६.५. म्हणजे दुधाचं वजन साधारण ४१ किलो आणि त्यात स्निग्धांश सुमारे २ किलो ६५० ग्रॅम. मलई काढल्यावर साधारण ३४ किलो सेपरेट दूध उरतं. मशीन चांगलं असेल तर या सेपरेट दुधात ०.१ टक्का फॅट राहतं, म्हणजे दिवसाला ३४ ग्रॅम. मशीन कमअस्सल असेल किंवा चुकीचं चालवलं तर ०.५ टक्का राहू शकतं, म्हणजे दिवसाला १७० ग्रॅम. फरक १३६ ग्रॅमचा. ऐकायला काहीच नाही. पण वर्षाचे ३६५ दिवस धरा. जवळजवळ ५० किलो स्निग्धांश! तुमच्याकडच्या तुपाच्या भावाने याला गुणा आणि मग स्वस्त मशीन किती स्वस्त ते ठरवा.

म्हणून दुकानात पैसे देण्याआधी आपलंच दूध नेऊन मशीन चालवून बघा. निघालेल्या सेपरेट दुधाचा नमुना डेअरीत तपासा. संकलन केंद्रावरचं रोजचं फॅट मशीन एवढं कमी फॅट नेमकं दाखवेलच असं नाही. जिथे गर्बर पद्धतीने नळीत तपासणी होते आणि सेपरेट दुधासाठीची बारीक खुणांची नळी आहे, तिथे नेलं तर उत्तम. ०.१ च्या आसपास आलं तर मशीन ठीक. बरंच वर गेलं तर आधी कारण विचारा, मग पैशाचं बोला.

आता दुसरी गोष्ट, माप. एका वेळचं दूध अर्ध्या ते एक तासात निघालं पाहिजे, कारण दूध कोमट असतानाच मलई नीट सुटते. साधारण ३५ ते ४० अंश, म्हणजे ताज्या धारेचा कोमटपणा. दूध थंड झालं असेल तर आधी कोमट करून घ्या. वेळेला २० लिटर असेल तर तासाला ६० लिटरचं मशीन वीस मिनिटांत काम उरकतं. तिथे ३०० लिटरचं घेऊन काय करणार? चार मिनिटांत दूध संपेल आणि मग अर्धा तास मोठा बाऊल धूत बसाल. शिवाय मोठ्या बाऊलमध्ये दर वेळी जास्त दूध अडकून राहतं. पुढे गोठा वाढला तर तेव्हा मोठं घेता येईल. दोन-चार शेजारी मिळून डेन्मार्कच्या शेतकऱ्यांसारखं एकच मशीन वापरत असाल, तर मात्र सगळ्यांचं दूध मिळून हिशेब करा.

बाकी बघायच्या गोष्टी अशा :

वीज : आपल्याकडे दाब कमी-जास्त होतो, लाईट जाते. मोटर मंद झाली की बाऊल मंद होतो आणि फॅट खालच्या दुधात जातं. मोटरबरोबर हॅन्डलही असलेलं मशीन गावात सोयीचं. हाताने फिरवत असाल तर पूर्ण वेग आल्याशिवाय दूध सोडू नका आणि वेग एकसारखा ठेवा.

बाऊल आणि चकत्या : स्टीलच्या आहेत का, कडा वाकलेल्या नाहीत ना, ते हात लावून बघा. चकत्या ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने बसवायच्या असतात. एक कमी झाली किंवा क्रम चुकला तर तोल जातो.

सुटे भाग : रबरी रिंग झिजते, ती बदलावीच लागते. ती तालुक्याच्या ठिकाणी मिळते का? दुरुस्ती करणारा जवळ आहे का? नसेल तर मशीन कितीही चांगलं असलं तरी एक दिवस बंद पडून राहील आणि मलई तशीच.

धुणं : प्रत्येक वेळी, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही, बाऊल उघडून सगळ्या चकत्या धुवाव्याच लागतात. आधी कोमट पाण्याने दूध काढून टाका, मग सोड्याचं किंवा साबणाचं गरम पाणी, मग कडक पाणी आणि उघड्यावर वाळवणं. हे काम घरात कोण करणार, ते मशीन घेण्याआधी ठरवा. बहुतेक घरांत ते बाईच्याच माथी येतं, म्हणून मशीन निवडताना तिलाही दुकानात घेऊन जा.

बसवणं : मशीन सपाट, पक्क्या जागी बोल्टने बसवा. हलतं मशीन लवकर खराब होतं. फिरता बाऊल हाताने कधीच थांबवू नका आणि पूर्ण थांबल्याशिवाय उघडू नका. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

जुनं मशीन : स्वस्तात मिळत असेल तरी रिकामं फिरवून बघा. थरथरत असेल, आवाज करत असेल तर सोडून द्या.

घ्यायचंच का, हाही प्रश्न विचारा

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. मशीन प्रत्येकाला लागतंच असं नाही. एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे आज सगळं दूध डेअरीला घातलं तर मिळणारे पैसे. दुसरीकडे तुपाचे पैसे अधिक सेपरेट दुधाचे पैसे, आणि त्यातून गॅस-सरपण, वीज, मेहनत आणि मशीनचा हप्ता वजा. सेपरेट दुधाला गिऱ्हाईक नसेल, तर दुसरा रकाना बहुतेक हरतो. त्या दुधाचं दही, ताक करून विकता येतं, वासरांना घालता येतं, पण ते आधी ठरलेलं पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, सेपरेट दूध पूर्ण दुधात मिसळून विकणं ही भेसळ आहे. तूप विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घ्या.

दे लाव्हल यांना यंत्राचं गणित जगात कोणापेक्षाही चांगलं कळत होतं. पैशाच्या गणितात मात्र ते पुढच्या आशेवर आजचा पैसा लावत गेले. आपल्याला दुकानात जाऊन मोठं मशीन हप्त्यावर उचलायचा मोह होईल, तेव्हा ही गोष्ट आठवा. दहा दिवस आपल्या दुधाची वही ठेवा. किती लिटर, किती फॅट, किती तूप खपेल. वहीत आकडा बसला तर मशीन घ्या आणि बिनधास्त घ्या. नाही बसला तर अजून एक म्हैस चांगली सांभाळा. मशीन कुठे पळून जात नाही.

माहिती उपयोगी वाटली तर गावातल्या दूध उत्पादकांच्या ग्रुपवर जरूर पाठवा.